सीट अंगणात आहे

सकाळी सव्वासात वाजता चालेलराव अंगणात एका निळ्या बादलीसमोर उकिडवे बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात चार बाटल्या होत्या. एक ब्लीचची, एक फिनेलची, एक संडास धुण्याच्या ॲसिडची आणि एक गुलाबाच्या वासाच्या कसल्याशा द्रावाची. एका बाटलीने जंतू मरत असतील तर चार बाटल्यांनी त्यांच्या सात पिढ्या संपतील, असा त्यांचा सरळ विचार होता. ते शाळेत भूगोल शिकवत, रसायनशास्त्र नव्हे.

चालेलराव हे त्यांना मित्रांनी दिलेलं नाव. शर्टाचं बटण तुटलं तर 'चालेल', फळ्यावरच्या नकाशात नदी दोन बोटं इकडे सरकली तरी 'चालेल'. बायकोने पहिल्याच भेटीत 'मला स्वयंपाक येत नाही' असं बजावलं, तेव्हाही ते 'चालेल' म्हणाले होते आणि त्या एका शब्दावर त्यांचं लग्न ठरलं होतं. त्यामुळे या शब्दावर त्यांची श्रद्धा असणं साहजिक होतं.

पण आजचा दिवस वेगळा होता. त्यांची मुलगी सात आठवडे आधी जन्माला आली होती. सव्वीस दिवस ती इस्पितळात काचेच्या पेटीत होती आणि चालेलराव सव्वीस दिवस त्या काचेला नाक लावून उभे होते. आता तिचं वजन कसंबसं दोन किलो भरलं होतं आणि आज दुपारी चार वाजता तिला घरी सोडणार होते. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरनी काल त्यांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "गाडी आतून स्वच्छ हवी. जंतू नकोत, धूळ नको आणि औषधाचा उग्र वास तर मुळीच नको. इवलीशी फुप्फुसं आहेत तिची. मी स्वतः खाली येऊन गाडी बघणार, मगच बाळ सोडणार."

आणि रात्री फोनवर बायको म्हणाली होती, "आणि तो दुधाचा वास, तोही घालव."

दोन महिन्यांपूर्वी चालेलरावांच्या गाडीत पुढच्या सीटखाली लिटरभर दुधाची पिशवी फुटली होती. त्यांनी त्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि काय म्हटलं असेल ते सांगायला नको. तेव्हापासून गाडीचं दार उघडलं की आतून असा काही भपकारा यायचा, की शेजाऱ्यांचं मांजरही रस्ता बदलायचं.

चालेलरावांनी पहिल्या बाटलीचं झाकण फिरवलं, तोच मागून आवाज आला.

"थांबा!"

फाटकात सासरे उभे होते. हातात लाकडी पेटी, खिशाला भिंग, आणि चेहऱ्यावर घड्याळात मुंगी शिरलेली पाहिल्यासारखे भाव. सासऱ्यांनी एक्केचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. सासूबाई लेकीजवळ इस्पितळात होत्या, आणि जाताना नवऱ्याला 'जावयांच्या कामाला जरा हात लावा' एवढंच सांगून गेल्या होत्या. हात लावणे म्हणजे काय, याची सासऱ्यांची व्याख्या इतरांपेक्षा पुष्कळ वेगळी होती.

"हे चारही एकाच बादलीत?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. म्हणजे एकदाच पुसायचं आणि मोकळं व्हायचं. चालेल ना?"

"चालेल. फक्त मग गाडी इथेच राहील आणि आपल्या दोघांना इस्पितळात न्यायला दुसरी गाडी मागवावी लागेल." त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बाटलीची पाठ वाचली. "'दुसऱ्या कोणत्याही द्रावात मिसळू नये. विषारी वायू तयार होतो.' बघा, किती बारीक अक्षरात लिहिलंय. ज्यांनी वाचायला हवं ते वाचत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक असावं."

चालेलरावांच्या हातातली बाटली आपोआप खाली आली. आणखी अर्ध्या मिनिटात ते बादलीवर वाकून ढवळत बसले असते.

सासऱ्यांनी चारही बाटल्या एकमेकींपासून दूर, घराच्या चार कोपऱ्यांत नेऊन ठेवल्या. मग लाकडी पेटीतून त्यांनी साधा पातळ साबण, मऊ फडक्यांची चळत आणि औषधवाल्याला चार प्रश्न विचारून आणलेली जंतुनाशकाची एकच बाटली काढली. तिच्यावरचा कागद त्यांनी आदल्या रात्रीच तीनदा वाचला होता.

"आधी धूळ, मग साबण, मग औषध," ते म्हणाले. "मळावर औषध लावणं म्हणजे गंजलेल्या चाकाला तेल पाजणं. चारही दारं उघडा. सगळी. दिवसभर उघडीच राहतील. बंद गाडीत बसून कुणी काही पुसायचं नाही."

यानंतरचे तीन तास चालेलरावांनी जे पाहिलं, ते त्यांनी पुढे शाळेत कितीतरी जणांना सांगितलं, पण कुणाला ते नीट कळलं असेल असं त्यांना वाटत नाही. ते पाहायलाच हवं होतं. सासऱ्यांनी वरून खाली धूळ काढली, छतापासून पायांपर्यंत, पुन्हा वर न जाता. बटणांवर त्यांनी काही फवारलं नाही. फडकं आधी ओलं केलं, पिळलं आणि मग बटणाच्या कडेकडेने असं फिरवलं, की बटणालाही गुदगुल्या झाल्या असत्या. गिअरच्या खाचांत कापसाची काडी घातली. सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून काढले आणि ओले पट्टे आत परत जाऊ नयेत म्हणून त्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. हे चिमटे पाहून चालेलरावांनी मनातल्या मनात हात जोडले. गाडी घेतल्यापासूनच्या चार वर्षांत त्यांना त्या पट्ट्याचा अर्धाच भाग ठाऊक होता.

औषध लावलं की सासरे खिशातलं घड्याळ हातात घेऊन उभे राहत.

"आता काय झालं बाबा?"

"दहा मिनिटं ओलं राहायला हवं. कागदावर लिहिलंय. लगेच पुसलं तर जंतूंना नुसती आंघोळ घातल्यासारखं होतं."

"नऊ मिनिटं चालेल का?"

सासऱ्यांनी घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. एक्केचाळीस वर्षं मिनिटांवर जगलेल्या माणसाला हा प्रश्न विचारल्याची चालेलरावांना स्वतःचीच लाज वाटली. दहा मिनिटांनी साध्या पाण्याच्या फडक्याने पुन्हा सगळं पुसलं गेलं, मग कोरड्या फडक्याने. गाडीतून खडूचे सतरा तुकडे, एक मोजपट्टी आणि कागदी नकाशातला सुटलेला ऑस्ट्रेलिया एवढा ऐवज निघाला. साडेदहा वाजता गाडी आतून इतकी लखलखीत झाली, की चालेलरावांना बूट घालून तिच्याकडे बघायचीही भीती वाटू लागली.

पण दुधाचा वास होता तिथेच होता.

सासरे गुडघ्यावर बसले, डोळे मिटले आणि नाक पुढे करून आत शिरले. पुढच्या सीटपाशी थांबले. मग त्यांनी तो शब्द उच्चारला, जो ऐकून सासूबाई गेली पस्तीस वर्षं कपाळाला हात लावत आल्या होत्या.

"उघडू या."

"काय उघडू या?"

"सीट. उघडल्याशिवाय कुठली वस्तू स्वच्छ होत नाही जावईबापू. वरून पुसलेलं घड्याळ दिसतं छान, पण मागे पडतं."

चालेलरावांना सासऱ्यांचा इतिहास ठाऊक होता. या माणसाने एकदा शिट्टी नीट वाजत नाही म्हणून कुकर, आणि कुकर नीट बसत नाही म्हणून शेगडी उघडली होती. पण नाही म्हणायची त्यांची जीभ मुळातच तयार झालेली नव्हती, आणि वास तर खराच होता.

सासऱ्यांनी घाई केली नाही. गाडीचं पुस्तक मागितलं. ते चार वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद होतं. उभ्या उभ्या अर्धा तास ते वाचत राहिले. "सीटखाली या पिवळ्या वायरी आहेत ना, त्या एअरबॅगच्या. त्यांच्याशी खेळ नाही. आधी बॅटरी सोडायची, मग पंधरा मिनिटं थांबायचं." बॅटरी सोडली. पंधरा मिनिटं थांबले. घड्याळ हातात होतंच.

शेजारी एक शिवणकाम करणाऱ्या काकी राहत. सगळी गल्ली त्यांना टेलरकाकी म्हणे. कुंपणावरून हा सोहळा बघून त्यांनी आपलं कापड बेतायचं घडीचं टेबल आणून दिलं. "जमिनीवर कशाला ठेवता? यावर मांडा," त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी टेबलावर पांढरी चादर अंथरली आणि निघालेला एकेक बोल्ट त्यावर ओळीने मांडायला सुरुवात केली. ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने, डोकं वर, शेपूट खाली. पुढची सीट निघाली. तिच्याखाली वर्तमानपत्र दगडासारखं कडक झालं होतं, आणि दूध तिथून वाट काढत मागच्या बाकाखाली गेलं होतं. सासरे म्हणाले, "उघडू या," आणि पट्ट्यांच्या बोल्टांसकट मागचं बाकही निघालं.

बारा वाजता अंगणात ड्रायव्हरशेजारची सीट तुळशीसारखी मधोमध उभी होती, मागचं बाक पायरीला टेकलं होतं, मॅट दोरीवर वाळत होत्या आणि गाडीत फक्त स्टिअरिंग आणि ड्रायव्हरची जागा उरली होती. स्कूटरवरून जाणारे एक गृहस्थ थांबले.

"बाक देणार का? आमच्या व्हरांड्यात छान दिसेल."

"विकायचं नाही," चालेलराव म्हणाले.

"मग बाहेर का काढलंय?"

"धुवायला."

गृहस्थ बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग स्कूटर ढकलत गेले. चालू करायचं त्यांना सुचलं नसावं.

याच सुमाराला चालेलरावांना टेबलाखाली गवतात एक बोल्ट दिसला. एरवी त्यांनी तो पायाने बाजूला सारला असता. पण सकाळपासून सासऱ्यांचं काम बघून त्यांच्यातही काहीतरी हललं होतं. त्यांनी तो उचलला, फुंकला आणि दोन बोटांत धरून सासऱ्यांपुढे नेला. "बाबा, हा खाली पडला होता."

"वा!" सासरे म्हणाले. "नजर आहे तुमची."

सासऱ्यांनी त्यांचं कौतुक केल्याची लग्नानंतरची ही पहिलीच वेळ. चालेलरावांची छाती फुगली. सासऱ्यांनी तो बोल्ट पुसला, साबणाने धुतला, त्याला औषध लावून दहा मिनिटं थांबले आणि मग चादरीवर ओळीत ठेवला.

वास अखेर गेला. गाडीच्या तळाचा गालिचा तीनदा धुऊन पिळून निघाला, टेलरकाकींचे दोन पंखे अंगणात लागले आणि गाडीतून नुसता वाऱ्याचा वास येऊ लागला. चालेलराव अंगणातल्या सीटवर टेकले. पाऊण वाजला होता. चार वाजायला भरपूर अवकाश होता. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

"अहो, चारला नाही, दोनलाच सोडताहेत. खाट हवीय त्यांना. कुठवर आलात?"

चालेलरावांचं धाबं दणाणलं. "आई, हे काय, गाडीच्या सीटवरच बसलोय," ते म्हणाले, आणि यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

सासऱ्यांना मात्र एवढंसं अर्धवट सत्यही सोसत नसे. त्यांनी फोन घेतला. "अगं, सीट अंगणात आहे. गाडी वेगळी आहे."

पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही उघडलीत." हा प्रश्न नव्हता. सासऱ्यांनी फोन जावयाला परत दिला.

मग एकच धांदल उडाली. निदान चालेलरावांची उडाली. सासरे मघाच्याच गतीने चालत होते, आणि गंमत म्हणजे त्या गतीने काम झपाट्याने होत होतं. चालेलराव धरत, सासरे पाना फिरवत. शेवटून पहिल्याकडे, एकेक बोल्ट चादरीवरून उचलला जाई आणि आपल्या जागी जाऊन बसे. बाक बसलं. सीट बसली. बाळाची नवी कोरी छोटी सीट मागच्या बाकावर, गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून, पुस्तकात दाखवलं होतं तशी घट्ट बसली. सासऱ्यांनी ती धरून हलवली तर सीटऐवजी अख्खी गाडी हलली. सगळ्यात शेवटी बॅटरी जोडली. चावी फिरवली. एअरबॅगचा दिवा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे क्षणभर लागला आणि विझला.

"झालं!" चालेलराव ओरडले. "दीडच वाजलाय! बाबा, तुम्ही म्हणजे कमाल आहात!"

सासरे टेबलापाशी उभे होते आणि चादरीकडे बघत होते. पांढऱ्या चादरीवर एक बोल्ट उरला होता.

"बाबा, एक उरला तर..." चालेलरावांच्या ओठांवर तो शब्द आला. पण सासऱ्यांचा चेहरा बघून तो तिथेच अडकला.

"एक्केचाळीस वर्षं झाली," सासरे हळूच म्हणाले, "माझ्या टेबलावर कधी काही उरलं नाही." आणि ते पायरीवर बसले. इतका वेळ ताठ असलेला तो माणूस एकदम म्हातारा दिसू लागला.

फोन वाजला. या वेळी बायको होती. "निघालात का? आम्ही सामान बांधून बसलोय."

चालेलरावांना वाटलं, आता हीच सोडवील. आपल्या वडिलांना दोन शब्द सुनावील आणि गाडी निघेल. "हे बघ, सगळं जोडून झालंय. फक्त एक बोल्ट उरलाय. एवढासा आहे. आणि बाबा अडून बसलेत."

"बोल्ट उरलाय?"

"एकच."

"मग त्या गाडीत मी बाळाला बसवणार नाही," बायको म्हणाली. "सिस्टरना मी सांगते थांबायला. वेळ लागू दे." आणि फोन ठेवला. बापाच्याच वळणावर गेलेली बायको आपण केली आहे, हे चालेलरावांना इतक्या उशिरा कळलं.

ते गाडीकडे गेले. मागच्या बाकावरच्या त्या छोट्या सीटकडे त्यांनी पाहिलं. सव्वीस दिवस काचेतून दिसणारी ती मूठ त्यांच्या डोळ्यांपुढे आली. त्यांच्या अंगठ्याएवढी मूठ. हा बोल्ट त्या सीटखालचा असला तर? किंवा तिच्या आईच्या सीटखालचा? त्यांनी आयुष्यात हजारो गोष्टी चालवून घेतल्या होत्या. पण ही एक गोष्ट काही केल्या घशाखाली उतरेना.

"बाबा, उठा," ते म्हणाले. "हे नाही चालणार. उघडू या."

सासऱ्यांनी मान वर केली. आपण नीट ऐकलं की नाही, याची खात्री करत ते जावयाकडे बघत राहिले. मग पाना घेऊन उठले.

पुन्हा बॅटरी सुटली, पुन्हा पंधरा मिनिटं थांबणं झालं, पुन्हा सीट अंगणात आली. या वेळी चालेलराव मोजत होते, मोठ्याने, वर्गात हजेरी घेतात तसं. पुढच्या सीटचे चार. हजर. बाकाचे सहा. हजर. पट्ट्यांचे चार. हजर. चौदा भोकं आणि चौदा बोल्ट. आणि हा पंधरावा, पांढऱ्या चादरीवर ऐटीत बसलेला.

"जागाच नाही याला," चालेलराव म्हणाले.

"जागा असणारच. मला दिसत नाही, एवढंच," सासरे म्हणाले. त्यांनी भिंग काढून पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. "हात अजून चांगले आहेत जावईबापू. डोळे गेले बहुतेक." चालेलरावांना सासऱ्यांचा हात धरावासा वाटला, पण त्या हातात पाना होता.

तेवढ्यात टेलरकाकी आल्या, खांद्यावर कापडाचा भला मोठा तागा घेऊन. "काय हो, झालं का तुमचं? गिऱ्हाईक खोळंबलंय माझं. टेबल नेऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी तागा धाडकन टेबलावर टाकला.

टेबलाचा एक पाय आधी जरासा वाकला. मग सगळं टेबल त्या बाजूला कलंडलं आणि तागा घरंगळत थेट फाटकापर्यंत उलगडत गेला. अंगणभर निळं कापड पसरलं. काकी खाली वाकल्या, पायाचं रिकामं भोक पाहिलं आणि मग पडलेल्या चादरीतला तो चकचकीत बोल्ट उचलला.

"हा तर माझ्या टेबलाचा!" त्या म्हणाल्या. "पण एवढा का चमकतोय?"

चालेलरावांनी डोळे मिटून घेतले. गवतात सापडलेला बोल्ट, फुगलेली छाती, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. "बाबा, दोष माझा आहे," ते म्हणाले. "मी उचलून दिला."

सासरे हसू लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग त्यांना पायरीवर बसावं लागलं. चालेलरावांनी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "अहो, दोष कसला?" डोळे पुसत ते म्हणाले. "पडलेली वस्तू तुम्ही उचलून ठेवलीत. ठेवायची जागा तेवढी चुकली." मग त्यांनी आधी काकींच्या टेबलाचा पाय घट्ट केला आणि मगच गाडीकडे वळले. काकींनी पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितलं, की त्या टेबलाएवढा पक्का पाय गावात दुसऱ्या कुठल्या टेबलाला नाही.

दुसऱ्यांदा जोडणी पस्तीस मिनिटांत झाली. चादरीवर काही उरलं नाही. चालेलरावांनी ती झटकूनही पाहिली. दोघांनी हात कोपरापर्यंत साबणाने धुतले. पण कपडे बदलायला वेळ नव्हता, म्हणून सासऱ्यांनी पुढच्या दोन्ही सीटवर कपाटातल्या धुतलेल्या चादरी घातल्या आणि दोघं त्यावर अंग चोरून बसले. गाडी इस्पितळाच्या दारात पोचली तेव्हा चारला दोन मिनिटं कमी होती.

मोठ्या सिस्टर खाली आल्या. त्यांच्यामागे सासूबाई, आणि त्यांच्यामागे बायको, छातीशी एक पांढरं गाठोडं धरून. दोघी दोन तास ताटकळल्या होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता; सीट आता कुठे आहे, एवढीच चिंता होती.

सिस्टरनी दार उघडून आधी वास घेतला. मग चादरी ओढून बाहेर काढल्या. मग एक बोट सीटच्या खाली, जिथे कुणी कधी बोट घालत नाही तिथे घातलं, बाहेर काढलं आणि उजेडात धरून बघितलं. पट्टा शेवटपर्यंत ओढला. बाळाची सीट धरून हलवली, गाडी हलली. गिअरच्या खाचेत त्यांनी खिशातला टॉर्च मारला. बोर्डाच्या परीक्षेच्या निकालालाही चालेलरावांना एवढा घाम फुटला नव्हता.

"बावीस वर्षं मी बाळं सोडतेय," सिस्टर शेवटी म्हणाल्या. "अशी गाडी पाहिली नाही. कुणी केली ही?"

"ह्यांनी," चालेलराव म्हणाले.

"ह्यांनी," त्याच क्षणी सासरे म्हणाले.

सिस्टरनी पहिल्यांदाच त्या दोघांकडे नीट पाहिलं. चालेलरावांच्या शर्टावर सीटखालचं काळं ग्रीस होतं, कपाळावर धूळ होती आणि केसांत दोन महिन्यांपूर्वीच्या वर्तमानपत्राचा तुकडा होता. सासऱ्यांची पँट गुडघ्यांवर कसल्या रंगाची होती हे सांगणं अवघड होतं. दिवसभर गाडीतून जे जे निघालं, ते सगळं या दोघांच्या अंगावर आलं होतं.

"गाडी पास," सिस्टर म्हणाल्या. "बाळ पास. आई पास, आजी पास. तुम्ही दोघं मात्र या गाडीत बसायचं नाही."

"अहो, पण मी बाप आहे!"

"असाल. आंघोळ करून या, मग बाप व्हा."

"गाडी कोण चालवणार मग?"

"मी आहे ना," सासूबाई म्हणाल्या आणि चालेलरावांच्या बोटांतून चावी अलगद काढून घेतली. त्यांनी सतरा वर्षं फिरत्या वाचनालयाची भली थोरली गाडी गावोगाव हाकली होती. त्यापुढे ही म्हणजे खेळणं. त्यांनी सीट पुढे ओढली, आरसा नीट केला आणि नवऱ्याकडे पाहिलं. गेल्या पस्तीस वर्षांत त्यांनी उघडलेल्या कुकरबद्दल आणि शेगडीबद्दल पुष्कळ ऐकवलं होतं. आज त्यांनी सीटवरून एकदा तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "छान झालीय हो." सासऱ्यांनी मान खाली घातली, पण कान लाल झालेले दिसलेच.

बायको मागे बसली. पट्टे लावून झाल्यावर तिने काच थोडी खाली केली. "तीन हात लांबूनच हं," ती म्हणाली आणि दुपट्याची कड बाजूला केली. दोघं वाकून बघू लागले. इतके दिवस मध्ये काच होती, आज नव्हती. मुलगी झोपली होती. तिने एकदा नाक फेंदारलं, आतली हवा हुंगल्यासारखं केलं आणि तिच्या कपाळावर एक आठीसुद्धा न उमटता ती तशीच झोपून राहिली. चालेलरावांचे डोळे भरून आले. हातांनी पुसावेत तर हात ग्रीसचे, म्हणून त्यांनी ते वाहू दिले. आपला सासरा हा जगातला मोठा माणूस आहे, असं त्यांना त्या क्षणी मनापासून वाटलं, आणि ते त्यांनी बोलूनही टाकलं. "काहीतरीच तुमचं," सासरे म्हणाले.

गाडी सुरू झाली आणि फाटकातून सावकाश बाहेर पडली. ना खडखड, ना कुरकुर. सासरे मान तिरकी करून, घड्याळ कानाला लावल्यासारखे, ती दिसेनाशी होईपर्यंत ऐकत राहिले.

फाटकाशी बसलेला पहारेकरी मघापासून हे सगळं बघत होता. तो उठून जवळ आला. दोघांचे कपडे त्याने वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"काय मिस्त्री, फर्स्टक्लास काम केलंत," तो म्हणाला. "कुणाची गाडी होती?"

चालेलरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण सासरे आधी बोलले.

"माझ्या नातीची," ते म्हणाले.

आणि ज्यांच्या नावावर ती गाडी होती ते चालेलराव शेजारी उभे राहून, 'अगदी बरोबर' अशी मान डोलवत राहिले.